पत्त्याचा पुरावा : स्विंडनला गेलेल्या गोमंतकीयाचे पहिले वर्ष

गोव्याच्या खेड्यात परक्या माणसाने एखाद्याचे घर विचारले, तर त्याला घराचा क्रमांक कुणी सांगत नाही. देवळाकडून खाली उतरा, पोदेराच्या भट्टीपाशी वळा, माडांची रांग संपली की डाव्या हाताचे घर, असे सांगितले जाते. आणि तेही विचारणाऱ्याची चौकशी झाल्यावर. तो कुणाचा, कुठल्या वाड्यावरचा, कुणाकडे आला आहे, एवढे कळले की पुढचा व्यवहार सोपा होतो. येथे ओळख आधी असते, पत्ता नंतर येतो. इंग्लंडमधील स्विंडन शहरी जाऊन राहणाऱ्या गोमंतकीयाला पहिल्या आठवड्यातच हा क्रम उलटलेला दिसतो. बँक, घरमालकाचा दलाल, कामावर पाठवणारी एजन्सी, सारे जण त्याच्याकडे एकच गोष्ट मागतात : पत्त्याचा पुरावा. तो कुणाचा आहे, याच्याशी कुणालाच कर्तव्य नसते.

स्विंडन हे नाव आता गोव्यातील बहुतेक गावांत ठाऊक आहे. लंडनच्या पश्चिमेला सुमारे १३० किलोमीटरवर, रेल्वेने तासाभराच्या अंतरावर असलेले हे कामकऱ्यांचे शहर. १८४३ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कारखाना येथे सुरू झाला आणि त्या कारखान्याभोवती शहर वाढले. १९८६ मध्ये कारखाना बंद झाला. होंडाचा मोटारींचा मोठा कारखाना आला, तोही २०२१ मध्ये बंद झाला. परंतु लंडनहून वेल्सकडे जाणारा महामार्ग शहराला लागून जातो आणि त्याच्या आसऱ्याने मालाची प्रचंड गोदामे उभी राहिली. या गोदामांना रात्रंदिवस माणसे लागतात, त्यांना इंग्रजी थोडे कमी आले तरी चालते, आणि घरभाडे लंडनपेक्षा कमी पडते. एक कुटुंब गेले, त्याने भावाला बोलावले, भावाने मेहुण्याला. गोमंतकीयांची मोठी वस्ती तेथे झाली ती अशी. आधी सासष्टी आणि बार्देशातील ख्रिस्ती कुटुंबे गेली. हळूहळू हिंदू आणि मुस्लिम घरांतूनही माणसे निघाली. 'तो त्यांचा विषय' असे म्हणून मराठी वाचकाने बाजूला ठेवावा, असा हा विषय आता राहिलेला नाही.

तेथे जाण्याचा रस्ता लिस्बनवरून जात होता. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण आणि दीव येथे जन्मलेल्यांना पोर्तुगालच्या कायद्यानुसार तेथील नागरिकत्वावर हक्क सांगता येतो, आणि मुले व नातवंडे त्यांच्यामागून तोच हक्क सांगू शकतात. आजोबांचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंदवायचा, मग वडिलांचा, मग स्वतःचा. पोर्तुगाल युरोपीय संघात, ब्रिटनही संघात. त्यामुळे पोर्तुगीज पासपोर्ट हाती आला की ब्रिटनमध्ये राहायला आणि काम करायला वेगळी परवानगी लागत नसे. ब्रिटन संघातून बाहेर पडले आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी ही मुभा संपली. त्या दिवसापूर्वी जे तेथे राहत होते, त्यांना विशेष योजनेखाली अर्ज करून आपला हक्क टिकवता आला. त्या अर्जाची सर्वसाधारण मुदत ३० जून २०२१ होती.

ही तारीख इतक्या वेळा छापून आली आहे की ती पुन्हा सांगण्याचे कारण पडू नये. तरी ते पडते. पोर्तुगीज पासपोर्ट काढून दिला की इंग्लंडची नोकरी पक्की, असे सांगणारे दलाल गोव्यात अजून गिऱ्हाईक मिळवतात. आज पोर्तुगीज पासपोर्टधारकाला ब्रिटनमध्ये केवळ पाहुणा म्हणून जाता येते. २ एप्रिल २०२५ पासून त्यासाठीही आधी इलेक्ट्रॉनिक परवाना काढावा लागतो. मोबाईलवर काही वेळात मिळणाऱ्या या परवान्यालाच 'व्हिसा' म्हणून खपवले जाते. त्यावर सहसा सहा महिन्यांपर्यंत राहता येते. नोकरी करता येत नाही. एक दिवसही नाही. ज्याने दागिने गहाण ठेवून हा प्रवास केला, तो तेथे पोचताच बेकायदा कामगार ठरतो आणि त्याची मजुरी, निवारा आणि मौन हे सारे त्याला कामाला ठेवणाऱ्याच्या हाती जाते.

आज नव्याने कायदेशीरपणे तेथे पोचणारे गोमंतकीय मुख्यतः तीन प्रकारचे आहेत : आधीपासून स्थिरावलेल्यांचे जवळचे नातेवाईक, शिक्षणासाठी गेलेले विद्यार्थी आणि कुशल कामगारांचा व्हिसा मिळालेले थोडे लोक. या सर्वांची कागदपत्रे वेगवेगळी असली, तरी विमानतळावरून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही महिने बरेचसे सारखेच असतात.

कागदांचे वर्तुळ

बँकेत खाते उघडायचे तर पत्त्याचा पुरावा हवा. पुरावा म्हणजे वीज-गॅसचे बिल, भाडेकरार किंवा सरकारी कार्यालयाचे पत्र. भाडेकरार करायला गेले तर घरमालकाचा दलाल पगाराच्या पावत्या आणि बँक खात्याचा उतारा मागतो. पगार मिळायला नोकरी हवी, आणि नोकरी देणारी एजन्सी पगार जमा करण्यासाठी बँक खाते विचारते. असे हे वर्तुळ आहे. गोव्यात मामलेदाराकडून पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला काढताना घातलेले हेलपाटे आठवून एखादा हसेल. पण तेथे निदान तलाठी गावचा असतो आणि पंच ओळखीचा असतो.

हे वर्तुळ तोडण्याच्या जागा आहेत, आणि त्या माहीत असल्या तर पहिले दोन महिने वाचतात. शाखा नसलेल्या, केवळ मोबाईलवर चालणाऱ्या काही बँका पासपोर्ट आणि चेहऱ्याचे चित्रीकरण एवढ्यावर खाते उघडतात. राहण्याचा पत्ता त्यांना सांगावा लागतो, पण त्याचा कागद त्या सहसा मागत नाहीत. नॅशनल इन्शुरन्स क्रमांकाविषयी असाच एक गैरसमज आहे. हा क्रमांक म्हणजे कर आणि सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीचे खाते. तो हाती येईपर्यंत कामाला लागता येत नाही, असे नवागताला सांगितले जाते आणि तो आठवडेच्या आठवडे बसून राहतो. वास्तविक काम करण्याचा हक्क सिद्ध करता येत असेल आणि क्रमांकासाठी अर्ज केलेला असेल, तर तो येण्यापूर्वीही नोकरी सुरू करता येते. क्रमांकाचे पत्र घरी आले की ते जपून ठेवावे. सरकारकडून स्वतःच्या नावाने आलेले ते बहुधा पहिले पत्र असते.

भारतातील कर्जफेडीचा इतिहास मात्र तेथे पूर्णपणे कुचकामी ठरतो. म्हापशाच्या बँकेतून घेतलेले गृहकर्ज वेळेवर फेडले, याला स्विंडनमध्ये शून्य किंमत. मोबाईलची मासिक योजना मिळवतानादेखील नवागत नाकारला जाऊ शकतो, कारण त्याच्याविषयी कुणाकडे कसलीच नोंद नसते. ही नोंद तयार व्हायला वेळ जातो आणि त्यासाठी पुन्हा पत्ताच लागतो : एकाच पत्त्यावर टिकून राहणे, त्या पत्त्यावर बिले येणे, स्थानिक मतदार यादीत नाव असणे.

मतदार यादीवरून एक विसंगती सांगण्याजोगी आहे. राष्ट्रकुलातील नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवर गेलेला विद्यार्थीदेखील ब्रिटनच्या संसदीय निवडणुकीत मतदान करू शकतो. पोर्तुगीज झालेल्या गोमंतकीयाला स्थानिक निवडणुकीत मत देता येते. संसदेच्या निवडणुकीत नाही. हक्कांसाठी पासपोर्ट बदलला आणि त्या बदलात एक हक्क गळून पडला, हे अनेकांना पहिली निवडणूक येईपर्यंत कळतही नाही.

कूड नसलेले शहर

मुंबईत हा पत्त्याचा प्रश्न गोमंतकीयांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या परीने सोडवला होता. धोबीतलाव परिसरात गावागावांच्या 'कुडी' उभ्या राहिल्या. जेर महल या इमारतीत त्यांपैकी कित्येक आजही आहेत. जहाजावर नोकरी शोधायला आलेला तरवटी आपल्या गावाच्या कुडीत उतरे. माफक पैशांत त्याला पेटी ठेवायला जागा मिळे आणि अंग टाकायला जमिनीचा तुकडा. संध्याकाळी वेदीपुढे सर्वांची प्रार्थना होई, नियम कडक असत, दारू पिऊन आलेल्याची गय होत नसे. गावचा संत वेदीवर आणि गावचे नाव दारावर. हिंदू गोमंतकीयांसाठी गिरगावच्या चाळी, खाणावळी आणि आपल्या माणसांच्या संस्था असत. कुडीची खरी सोय जागेपुरती नव्हती. तिचा मालक कुणी एक माणूस नव्हता, गाव होते. त्यामुळे तेथे राहणारा कुणाच्या उपकाराखाली येत नसे.

स्विंडनमध्ये चर्च आहे, हिंदू मंदिर आहे, गोव्याचे सामान मिळणारी दुकाने आहेत, फुटबॉल आहे, तियात्रे होतात. कूड नाही. नवा माणूस उतरतो तो नातेवाईकाकडे, नातेवाईकाच्या ओळखीच्या माणसाकडे, किंवा ज्याने एक घर भाड्याने घेऊन त्याच्या खोल्या पुन्हा भाड्याने दिल्या आहेत अशा गाववाल्याकडे. एका खोलीत दोघे-तिघे राहतात. दिवसपाळीचा कामाला गेला की रात्रपाळीचा झोपतो. पैसे रोख, पावती नाही, आणि पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे. या अवघड जागी अनेकांचे पहिले वर्ष वाया जाते. ज्याच्याकडे कागद नाही त्याला पुरावा नाही, ज्याला पुरावा नाही त्याला दुसरे घर नाही, आणि दुसरे घर नसल्यामुळे तो पहिल्या घराविषयी तक्रार करू शकत नाही.

येथे कायद्याचा एक बारकावा समजून घेण्यासारखा आहे. घरमालक दुसरीकडे राहतो आणि आपण त्याचे घर किंवा खोली भाड्याने घेतो, तेव्हा आपण सहसा भाडेकरू असतो. अशा भाडेकरूची अनामत रक्कम इंग्लंडमध्ये साधारणतः पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा अधिक घेता येत नाही, आणि ती तीस दिवसांच्या आत सरकारमान्य अनामत योजनेत सुरक्षित ठेवणे घरमालकावर बंधनकारक असते. १ जून २०१९ पासून भाडेकरूकडून दलाली वा कागदपत्रांचे शुल्क घेण्यालाही बंदी आहे. परंतु ज्याच्या घरात आपण राहतो तो स्वतःही त्याच घरात राहत असेल, तर आपण कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ पाहुणे ठरतो. अनामतीचे ते संरक्षण लागू होत नाही, आणि घर सोडायला सांगितले तर हाती फारसे उपाय उरत नाहीत. मामाच्या घरी राहणे मायेचे खरे. मात्र कायद्याचा आधार तेथे सर्वांत कमी असतो. म्हणून मामाकडूनही दोन ओळींचे पत्र लिहून घ्यावे : अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून येथे राहते, दर महिन्याला एवढे पैसे देते. पैसे रोख न देता बँकेतून द्यावेत. गोमंतकीय संकोचाला हे जड जाते. पण मामाला ते जड जाण्याचे कारण नाही. आणि जात असेल, तर घर शोधण्याची घाई केलेली बरी.

पाच किंवा अधिक माणसे, एकाहून अधिक कुटुंबांतली, एकाच घरात स्वयंपाकघर वाटून राहत असतील, तर त्या घराला स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. अशा सामायिक घराचा कौन्सिल टॅक्स सामान्यतः घरमालकाने भरायचा असतो. गोव्यात घरपट्टी घराचा मालक भरतो, त्यामुळे हा कर आपल्याकडे येईल हे कुणाच्या मनातच येत नाही. तेथे मात्र पूर्ण घर भाड्याने घेतले की तो राहणाऱ्याच्या माथी असतो. घरात एकच प्रौढ राहत असेल तर पंचवीस टक्के सूट मिळते, पण ती मागावी लागते.

रात्रपाळी

पहिले काम बहुधा एजन्सीमार्फत मिळते. उद्या काम आहे की नाही हे आज संध्याकाळी मोबाईलवर येणाऱ्या संदेशावरून कळते. गोदामातले काम अवघड नसते, पण ते मिनिटांवर मोजले जाते. हातातले यंत्र वेग नोंदवते. आठ-दहा तास चालणे, उचलणे, ठेवणे. गोव्यात कार्यालयात बसून काम केलेल्या पदवीधराला पहिला महिना अंगदुखीचा जातो आणि दुसरा महिना मनाचा.

काम मिळवून देण्याबद्दल एजन्सीने कामगाराकडून पैसे घेणे हे ब्रिटिश कायद्यात बसत नाही. पासपोर्ट 'ठेवून घेण्याचा' अधिकारही कुणाला नाही. एप्रिल २०२५ पासून एकवीस वर्षे व त्यावरील कामगाराचे किमान वेतन ताशी १२.२१ पौंड ठरले, आणि त्यात दर एप्रिलमध्ये बदल होतो. एजन्सीच्या कामगाराला एकाच ठिकाणी बारा आठवडे पूर्ण झाल्यावर तेथल्या कायम कामगाराइतका मूळ पगार मिळण्याचा हक्क येतो. भरपगारी रजेचा हक्क पहिल्या दिवसापासून साचू लागतो, वर्षाला ५.६ आठवडे. अनेक नवागतांना ही रजा असते हेच ठाऊक नसते. चवथीला सुटी मागताना ते बिनपगारी सुटी मागतात, आणि एजन्सी काही बोलत नाही.

पहिल्या पगारातून कर जास्त कापला गेलेला दिसला तर घाबरू नये. कर खात्याकडे पूर्वीची माहिती नसल्याने तात्पुरता संकेतांक लावला जातो. माहिती पोचली की हिशेब सुधारतो आणि जास्तीचे पैसे परत येतात, मात्र त्यासाठी कर खात्याकडेही आपला खरा पत्ता असावा लागतो. पगाराची चिठ्ठी वाचायला शिकणे हे पहिल्या महिन्यातले सर्वांत उपयोगी शिक्षण आहे, आणि ते शिकवणारा माणूस घरातच असतो, विचारायला हवे.

वाहनाविषयी थोडक्यात. भारतीय परवान्यावर तेथे राहायला गेल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते. त्यानंतर तेथली लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावीच लागते. पोर्तुगीज पासपोर्ट असला तरी भारतीय परवाना बदलून मिळत नाही. स्विंडनमध्ये पाच लहान चक्रांभोवती फिरणारे एक मोठे चक्र आहे, १९७२ पासूनचे, 'मॅजिक राउंडअबाउट' म्हणून प्रसिद्ध. पणजीच्या पाटो पुलावर गाडी चालवलेल्यालाही तेथे पहिल्यांदा थांबून श्वास घ्यावा लागतो.

ताप, ओल आणि चार वाजताची संध्याकाळ

गोव्यात ताप आला तर माणूस संध्याकाळी गावच्या डॉक्टरकडे जातो, बाकावर तासभर बसतो आणि गोळ्या घेऊन परततो. तेथे आजारी पडण्यापूर्वीच डॉक्टरकडे नाव नोंदवावे लागते. नोंदणी विनामूल्य आहे आणि ओळखपत्र किंवा पत्त्याचा पुरावा नाही म्हणून ती नाकारू नये, अशी एनएचएसची सूचना आहे. तरी एखाद्या दवाखान्यातील स्वागतिका कागद मागते आणि नवा माणूस मान खाली घालून परततो. त्याने परतू नये. ही सूचना दाखवून नम्रपणे पुन्हा सांगितले की बहुधा काम होते. नोंदणीनंतरही त्याच दिवशी डॉक्टर भेटेलच असे नाही. सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावायचा आणि रांगेत थांबायचे, ही रीत अंगवळणी पडायला वेळ लागतो. किरकोळ दुखण्याला औषधविक्रेताच सल्ला देतो, संभ्रम असेल तर १११ क्रमांक, जिवावर बेतले तर ९९९. छातीत दुखत असताना 'उद्या सकाळी आठला फोन करू' म्हणून थांबणे ही चूक भिडस्त माणसेच करतात.

हिवाळ्याची कल्पना गोव्यात बसून करता येत नाही. थंडी कपड्यांनी भागते. अंधार भागत नाही. डिसेंबरमध्ये सूर्य सकाळी आठच्या पुढे उगवतो आणि दुपारी चारच्या सुमारास मावळतो. रात्रपाळीचा माणूस सकाळी झोपतो तो उठेपर्यंत दिवस संपलेला असतो. आठवडाभर त्याच्या अंगावर ऊन पडत नाही. ब्रिटनचे आरोग्य खाते शरद आणि हिवाळ्यात सर्वांना रोज १० मायक्रोग्रॅम 'ड' जीवनसत्त्व घ्यायला सांगते, आणि सावळ्या-काळ्या वर्णाच्या लोकांना वर्षभर घेण्याचा विचार करायला सांगते. स्वस्त गोळी आहे. नोव्हेंबरपासून घरच्यांशी बोलताना आवाज उतरलेला वाटला, तर त्यामागे घरची ओढ असेलच, अंधारही असतो.

दुसरी अडचण ओलीची. भिंतीवर काळी बुरशी दिसली की गोमंतकीयाला ती ओळखीची वाटते, कारण आषाढात घरोघरी कपाटातल्या चामड्याच्या वहाणांवर ती येतेच. येथे आपण पाऊस ओसरण्याची वाट पाहतो. तेथे ती घरातच तयार होते : गरम पाण्याची आंघोळ, भाताची वाफ, खोलीत वाळत घातलेले कपडे, आणि थंडीच्या भीतीने घट्ट बंद केलेल्या खिडक्या. आधीच पैसे भरायच्या मीटरवर गॅस आणि वीज घेणारे घर असेल, तर पैसे वाचवण्यासाठी उष्णता बंद ठेवली जाते आणि बुरशी वाढते. लहान मूल त्या खोलीत झोपत असेल तर खोकला सुरू होतो. स्वयंपाक करताना खिडकी थोडी उघडणे एवढे आपल्या हाती असते. भिंतीतून पाणी झिरपत असेल, तर ती दुरुस्ती घरमालकाची. त्याला ते लेखी कळवावे, छायाचित्रासह.

जेवणाचे तितके हाल होत नाहीत. उकडा तांदूळ, सोले, नारळ यांची सोय लागते. बांगडाही मिळतो; अटलांटिकचा, अधिक तेलकट, हुमणात वेगळा लागतो. सहा महिन्यांनी तोच बांगडा वाटू लागतो.

मुलांचे बस्तान आई-वडिलांच्या आधी बसते. सरकारी शाळेत फी नाही, प्रवेशाचा अर्ज कौन्सिलकडे करायचा, आणि मूल चार वर्षांचे झाल्यानंतरच्या सप्टेंबरमध्ये शाळा सुरू होते. येथेही पत्ता निर्णायक : कोणती शाळा मिळेल हे बरेचदा घरापासूनच्या अंतरावर ठरते. वर्षाच्या मध्ये घर बदलले की शाळा दूर पडते. खोली दहा पौंडांनी स्वस्त मिळते म्हणून दर चार महिन्यांनी बिऱ्हाड हलवणाऱ्या कुटुंबात ही किंमत मुले मोजतात.

मागे राहिलेला पत्ता

भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. मग भारतीय पासपोर्ट बाळगून प्रवास करणे हा गुन्हा ठरतो. मतदार यादीतले नाव, साधे बचत खाते, सरकारी नोकरीचा विचार, हे सारे त्याच क्षणी बदलते. परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड मिळाले की येण्या-राहण्याची आयुष्यभराची सोय होते, पण त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते. वडिलोपार्जित जमिनीची वाटणी व्हायची असेल, तर निघण्यापूर्वी भावंडांनी बसून ती कागदावर आणावी. स्विंडनहून मुखत्यारपत्रावर ती करणे शक्य असते. मात्र त्यासाठी लागणाऱ्या फेऱ्या आणि वकिलाची फी यांत दोन वर्षांची बचत जाऊ शकते. घर बंद पडले की त्याचे काय होते, हे गोव्यातील कोणत्याही वाड्यावर फेरफटका मारला तरी दिसते.

आणि एक गोष्ट, जी पहिल्या वर्षात क्षुल्लक वाटते आणि पाचव्या वर्षी माणसाला रात्रभर जागवते. युरोपीय नागरिकांच्या त्या योजनेखाली मिळालेला रहिवासाचा दर्जा कागदावर नसतो. ना शिक्का, ना कार्ड. तो सरकारच्या संगणकावर असतो. नोकरीसाठी किंवा घरासाठी पुरावा मागितला की आपल्या खात्यात शिरून नव्वद दिवस चालणारा एक संकेतांक काढायचा आणि तो समोरच्याला द्यायचा. खात्यात शिरण्यासाठी मोबाईलवर किंवा ईमेलवर सांकेतिक आकडे येतात. २०१९ ते २०२१ या काळात असंख्य गोमंतकीयांचे अर्ज इतरांनी भरून दिले : दलालांनी, दुकानदारांनी, चुलतभावांनी. अर्जात मोबाईल आणि ईमेल भरणाऱ्याचाच घातला गेला. तो दलाल आता कुठे आहे? त्याचा क्रमांक चालू आहे का? पासपोर्ट नवा झाला, पण खात्यात जुनाच क्रमांक राहिला, तर विमानतळावर चढण्यापूर्वीच अडवले जाण्याचा धोका असतो.

ज्यांना अद्याप पूर्ण स्थायी दर्जा मिळालेला नाही, त्यांची मुदत सरकार सध्या आपोआप वाढवते आणि काहींचा दर्जा आपोआप पक्काही करते. पण याची सूचना त्या खात्यावर नोंदलेल्या ईमेलवर जाते. जुलै २०२५ पासून नियम थोडा सैल झाला असून, लगतच्या साठ महिन्यांत एकूण तीस महिने तेथे राहिल्याचे दिसले तरी पक्क्या दर्जासाठी अर्ज करता येतो. ते दाखवायला लागतात पगाराच्या पावत्या, कराच्या नोंदी, कौन्सिल टॅक्सची बिले, डॉक्टरची पत्रे. जो रोखीत राहिला, रोखीत कमावले आणि दुसऱ्याच्या नावाच्या घरात झोपला, त्याच्यापाशी यातले काहीच नसते, मग तो दहा वर्षे तेथे राहिलेला का असेना.

रविवारी गोव्याहून फोन होतो तेव्हा आई विचारते, जेवलास का, थंडी कशी आहे. त्याच फोनवर वडिलांनी आणखी एक विचारायला हरकत नाही : तुझ्या त्या खात्यावर मोबाईल क्रमांक कुणाचा आहे?